जोडसायकलीचे मागचे आसन

मित्रांनो, आपली गोष्ट आपणच सांगावी इतकी मी मोठी नाही, आणि कुणी विचारलेलेही नाही. पण या शेडमध्ये आता माझ्याशिवाय फारसे काही उरलेले नाही. गप्प बसायची सवय असूनही कधी कधी वाटते, की एकदा सांगून टाकावे. मी एक जुनी जोडसायकल आहे. दोन चाके, दोन आसने, पेडलच्या दोन जोड्या आणि त्या दोन्ही जोड्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारी लांब साखळी. पुढच्याचा पाय फिरला की मागच्याचा फिरतो आणि मागच्याचा थांबला की पुढच्याचाही थांबतो. मी राहते जपानमध्ये, तोक्योच्या खाडीपलीकडे चिबाच्या टेकड्यांत. जन्म मात्र हॉलंडचा. तुमची भाषा मी अलीकडे शिकले. इथे सुट्टीला येणाऱ्या पुण्यामुंबईच्या कुटुंबांचे बोलणे ऐकून ऐकून. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

माझी गोष्ट म्हणजे खरे तर एका कंपनीची गोष्ट आहे. मी तिच्यातला एक लहानसा भाग. 'स्टिलबोस' हे तिचे नाव. डच भाषेत त्याचा अर्थ शांत रान असा होतो. ती सुरू केली हेंद्रिक नावाच्या एका सायकलवाल्याने. त्यांच्या गावातले लोक रविवारी त्यांच्याकडून भाड्याने सायकली घेऊन जवळच्या पाइनच्या रानात जात, आणि पाऊस आला की भिजून परत येत. हेंद्रिक यांच्या पत्नी कोबाबाई ओल्या सायकली पुसून पुसून कंटाळल्या. एक दिवस त्या म्हणाल्या, की या माणसांना तिथेच एक छप्पर का देऊ नये. रान रेताड होते, शेतीच्या उपयोगाचे नव्हते. त्यात विटांची बैठी घरे उभी राहिली. प्रत्येक घराला एक मोठी खिडकी, एक शेगडी आणि स्वतःचे स्वयंपाकघर. नियम एकच होता. मोटार फाटकाबाहेर ठेवायची. आत पायी फिरायचे, नाहीतर सायकलवर. ज्याला घाई आहे त्याने घरीच राहावे, असे हेंद्रिक म्हणत.

लोकांना ते आवडले. एका गावाची तीन गावे झाली, मग कंपनी बेल्जियममध्ये गेली, जर्मनीत गेली. पावसाळी देशांत तळ्यात कोण पोहणार, म्हणून तळ्याशेजारी काचेचा मोठा घुमट बांधला आणि त्याच्या आत कायमचा उन्हाळा ठेवला. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. पुढे पुढे सायकलीही कंपनीच्याच कारखान्यात होऊ लागल्या. मी तिथलीच. माझ्या वेळी हेंद्रिक म्हातारे झाले होते. तरी नवी जोडसायकल तयार झाली, की ते आणि कोबाबाई कारखान्याच्या अंगणात तिच्यावरून एक फेरी मारत. माझ्यावरूनही मारली. कोबाबाई मागून उतरल्या, आसनावर हात फिरवून म्हणाल्या, "चालेल." माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक. तेवढेच मला पुष्कळ दिवस पुरले.

मग कंपनी विकली गेली. का विकली गेली ते सायकलींना कोण सांगणार? एका मोठ्या खाद्यपदार्थांच्या कंपनीने ती घेतली. त्यांनी दुसऱ्यांना दिली, दुसऱ्यांनी तिसऱ्यांना. मालक बदलत गेले आणि प्रत्येक नवा मालक आधीच्यापेक्षा लांब राहत असे. मोटारी हळूहळू फाटकाच्या आत आल्या. त्याच सुमारास जपानमधल्या एका जमिनीच्या कंपनीला आपल्या देशात युरोपातले एक गाव हवे झाले. त्यांची माणसे आली. त्यांनी घरांची मापे घेतली, बाकांची घेतली, कचऱ्याच्या डब्यांचीसुद्धा घेतली. नाव घेतले, नकाशे घेतले, आणि शोभा यावी म्हणून आमच्यातल्या काही सायकली घेतल्या. आम्हाला पुठ्ठ्यांत गुंडाळून लोखंडी पेटीत बंद केले. पेटी उघडली तेव्हा समोर योकोहामाचे बंदर होते.

इथले गाव हुबेहूब तिथल्यासारखे होते. तशीच घरे, तसेच तळे, तसाच घुमट. फक्त पाइनऐवजी सुगी नावाच्या जपानी देवदाराची उंच झाडे. उद्घाटनाला बँड होता. सायकलींचे काम साकुमा-सान नावाच्या तरुणाकडे आले; 'सान' म्हणजे तुमच्याकडचे 'राव'. त्यांच्या लक्षात पहिल्याच दिवशी आले, की मी इथल्या माणसांसाठी फार उंच आहे. पाहुण्यांचे पाय जमिनीला टेकत नसत. साकुमा-सान दर वेळी पाना घेऊन माझी आसने खाली करत आणि जणू चूक त्यांचीच असावी, तसे वाकून माफी मागत. मला मेल्याहून मेल्यासारखे होई. पण ते दिवस वाईट नव्हते. नवी लग्ने झालेली जोडपी येत, बहिणी बहिणी येत. एकदा एका ऑफिसची सहल आली. त्यातला धाकटा नोकर साहेबांच्या पुढे बसायला काही केल्या तयार होईना. शेवटी साहेब पुढे बसले. साहेबांना सायकल येत नव्हती. दोघे तळ्यात पडले आणि धाकट्याने पाण्यातूनच साहेबांची माफी मागितली.

पुढे जपानचे ते भरभराटीचे दिवस सरले. बस रिकाम्या येऊ लागल्या. मग घुमटाला कुलूप लागले. आणि एका सकाळी शिडी घेऊन एक गाडी आली नि दोन माणसे फाटकावरची नावाची पाटी उतरवू लागली. तिकडे युरोपात कंपनीचे तुकडे होऊन पुन्हा विक्री झाली होती आणि नाव वापरायचा करार संपला होता. साकुमा-सानना कुणी काही कळवले नव्हते. ते हातात हवेचा पंप घेऊन बघत उभे राहिले. मित्रांनो, आम्ही मागच्या आसनावर होतो. वळण घेतले गेले तेव्हा आम्हाला नुसते कलल्यासारखे वाटले.

त्यानंतर वादळात घुमटाच्या काचा फुटल्या, मग साथीच्या काळात पाहुणेच आले नाहीत. शेवटी इथल्या नगरपालिकेने चार घरे ठेवली आणि बाकीच्यांना फळ्या मारल्या. माझ्या बरोबरीच्या सायकली भंगारात गेल्या. मी उरले ते काही गुणांमुळे नाही. ट्रक लहान होता आणि मी त्यात मावले नाही, एवढेच. साकुमा-सानही आता म्हातारे झाले आहेत. तरी ते अधूनमधून येऊन माझ्या चाकांत हवा भरतात. बसत कुणी नाही. भरलेली हवा हळूहळू आपली निघून जाते.

अलीकडे मात्र तोक्योला लागून असलेल्या ग्योतोकुहून मराठी कुटुंबे येऊ लागली आहेत. इथल्या घरांना स्वयंपाकघर आहे, त्यामुळे खाण्यापिण्याची अडचण होत नाही, असे एकाने दुसऱ्याला सांगितले असावे. रानात सकाळी फोडणीचा वास येतो. गेल्या नोव्हेंबरमध्ये एका जोडून आलेल्या सुट्टीला अनघा आली. ती तोक्योत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. बरोबर तिची नऊ वर्षांची मुलगी अबोली आणि पुण्याहून आलेले आईवडील, विभाताई आणि मोरेश्वर. नवरा पुष्कर कामामुळे ग्योतोकुलाच राहिला होता. त्या सकाळी साकुमा-साननी मला उन्हासाठी बाहेर काढून अनघा उतरली होती त्याच घराच्या वळचणीला उभे केले होते. खिडकी उघडी होती.

"बाबा, सोमवारी त्या संस्थेला फोन करायचाय," अनघा म्हणाली. "खोली धरून ठेवायची की सोडायची, एवढंच विचारतायत ते."

"धरून ठेव म्हणावं," मोरेश्वर म्हणाले.

"आणि आई?"

"तिला इथे बरं वाटतंय. ती राहील. मी जाईन."

विभाताई कांदा चिरत होत्या. सुरी थांबली. "मला विचारलंय का कुणी?"

"तुझ्यासाठीच म्हणतोय मी."

"ते कळलं. माझ्यासाठी, आणि मला न विचारता."

बोलण्यातून मला हळूहळू समजले. मोरेश्वर पुण्याच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासत असत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून त्यांचे डोळे थकले, आणि मग काचबिंदूने उरलेसुरले नेले. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. ग्योतोकुच्या सातव्या मजल्यावर ते दिवसभर टेबलाशी बसतात आणि पुलावरून जाणाऱ्या गाड्या ऐकतात. विभाताई मात्र इथे रमल्या. बायका जी टोपलीवाली सायकल चालवतात, ती मामाचारी, त्या या वयात चालवू लागल्या. भाजी आणतात, अबोलीला क्लासला सोडतात. मोरेश्वरांना बाहेर जायचे तर कुणीतरी हात धरावा लागतो. म्हणून पुण्याजवळच्या एका वृद्धनिवासात एकट्याने जाऊन राहायचे त्यांनी ठरवले होते. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि सोमवारच्या एका फोनवर तो दोन देशांत वाटला जाणार होता.

"तुमच्या घरात मी म्हणजे जपून ठेवायची वस्तू झालोय," मोरेश्वर म्हणाले. "इथे बसा, तिथे बसा, हात धरा."

"वस्तू इतकं बोलत नाही, अहो," विभाताई म्हणाल्या आणि पुन्हा कांदा चिरू लागल्या.

तेवढ्यात अबोली बाहेर आली. मला पाहून ती जपानीत म्हणाली, "नागाई." म्हणजे केवढी लांब. तिने साकुमा-सानना विचारले, त्यांनी मान डोलावली आणि पंप आणला. "आजी, तू आणि मी बसू या ना."

विभाताई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी मला नीट पाहिले. "थांब जरा. अहो, बाहेर या."

"कशाला?"

"तळ्याला एक चक्कर मारू."

"विभा, मला दिसत नाही."

"तुम्हाला चालवायला कोण सांगतंय? मागे बसा."

मोरेश्वर दारात थबकले. पुण्यात सायकल नेहमी त्यांनीच चालवलेली. विभाताई मागे कॅरिअरवर, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन. डबलसीट. ते मागे कधी बसले नव्हते.

"चव्वेचाळीस वर्षं मी बसले," विभाताई म्हणाल्या. "कुठे चाललोय हेसुद्धा कधी विचारलं नाही."

ते पुढे आले. त्यांनी हातांनी माझे आसन चाचपले, दांडा चाचपला, साखळी बोटांना लागली तसे थोडे हसले. "ब्रेक कुठाय हिचा?"

साकुमा-साननी जपानीत सांगितले, अबोलीने मराठीत. ब्रेक हाताला नाही. पेडल उलटे दाबले की गाडी थांबते.

आम्ही निघालो. आणि दहा पावलांत मी थांबले. विभाताई पुढे आपटता आपटता वाचल्या. पुन्हा निघालो, पुन्हा थांबले. मित्रांनो, यात दोष कुणाचाच नव्हता. तुमच्याकडच्या सायकलीचे पेडल उलटे फिरवले तर नुसता कटकट आवाज होतो आणि चाक आपले चालत राहते. पुण्यात सायकल चालवलेल्या माणसाला ती सवयच असते. गप्पा मारताना, विचार करताना, जरा शंका आली तरी पाय उलटे फिरतात. मोरेश्वरांना तर दर क्षणी शंका येत होती. पाय उलटे जात होते आणि मी जागीच रुतत होते. माझ्याच घडणीची मला लाज वाटली.

"बाबा, पुरे. पडाल उगाच," अनघा म्हणाली.

मोरेश्वर उतरले. त्यांचा श्वास लागला होता. "बघितलंस ना, विभा? मी बसलो की गाडी थांबते. महिनाभर हेच सांगतोय मी सगळ्यांना."

विभाताईंनी माझे हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरले होते.

मग साकुमा-सान, जे सहसा बोलत नाहीत, हळू आवाजात बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. अबोली ऐकत होती. तिचे मराठी अडखळत येते. ती म्हणाली, "साकुमा-सान म्हणतात, मागे बसलं की कुणालाच दिसत नाही. डोळे असले तरी नाही. फक्त पाठ दिसते. गाव उघडलं ना, तेव्हा एक डच बाई आली होती, तिने त्यांना शिकवलं. पुढच्याने बोलायचं. सारखं सारखं. मग मागचा घाबरत नाही, ब्रेक नाही मारत." मग तिने स्वतःचे एक वाक्य जोडून दिले. "म्हणजे चूक आजीची आहे."

अनघा तोंडावर हात ठेवून हसली.

"घ्या," विभाताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "खरंय तिचं. तुमचे डोळे गेल्यापासून मी बोलायचीच कमी झाले. म्हटलं, दिसत नाही ते सांगून आठवण कशाला द्यायची."

"मला वाटलं, कंटाळलीस," मोरेश्वर म्हणाले.

"कंटाळलेय, ते वेगळं. बसा."

या वेळी विभाताई निघण्याआधीच बोलू लागल्या. "सरळ रस्ता आहे. डावीकडे तळं. उजवीकडे घरं, फळ्या मारलेली. आता जरा डावीकडे वळतेय. तळ्यात बगळा आहे एक."

"बगळा की करकोचा?"

"पांढरा आहे. इथेही चुका काढणार का तुम्ही?"

मोरेश्वरांचे पाय फिरत राहिले. पायांत शंका आली की माझ्या साखळीला आधी कळते. आता ती येत होती आणि पुढून शब्द आला की जात होती. तळ्याच्या टोकाला उतार आहे. "उतार आलाय," विभाताई म्हणाल्या, "लांब आहे, पण खाली कुणी नाही. पाय नुसते ठेवा." आम्ही सुटलो. इतक्या वर्षांनी वारा माझ्या आऱ्यांतून गेला. मध्येच विभाताई गप्प झाल्या. त्याही घाबरल्या असाव्यात. मागचे पाय ताठ झाले. मला वाटले, आता थांबणार. पण पाय उलटे गेले नाहीत. मोरेश्वरांनी विचारले, "पुढे काय आहे?"

"काचेचा घुमट," विभाताई धापा टाकत म्हणाल्या. "फुटलाय. आतून वेली आल्यात. भिंतीवर नाव होतं वाटतं, ते काढलंय. अक्षरांच्या जागा तेवढ्या फिकट राहिल्यात."

"वाच की मग."

त्या थांबल्या. एकेक अक्षर लावत त्यांनी वाचले, "स्टिल... बोस."

"दोन शब्द आहेत की एक?"

"जागा नाही मधे. एकच."

"मग एकच धर," मोरेश्वर म्हणाले.

ते नाव मी पाटी उतरवल्यापासून कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. ज्यांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, त्यांनी ते वाचले. तरी मला बरे वाटले.

परत आल्यावर मोरेश्वर माझा दांडा धरून उभे राहिले. "अनघा, सोमवारी त्यांना सांग, खोली सोडली."

"नक्की, बाबा?"

"हो. पण एक करा. दवाखाना असो, परक्याच्या घरी जाणं असो, पुढे काय आहे ते आधी सांगत जा मला. ठरवून झाल्यावर नको."

"आणि तुम्ही?" विभाताई म्हणाल्या. "ती खोली बघताना मला सांगितलं होतंत?"

मोरेश्वरांनी मान खाली घातली. "नव्हतं सांगितलं," ते म्हणाले.

त्यानंतरचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले होते. तळ्याभोवती किती फेऱ्या झाल्या ते मी मोजले नाही. निघायच्या दिवशी साकुमा-सान म्हणाले, की हवी असेल तर सायकल घेऊन जा. अशा लांब सायकलींना पूर्वी इथल्या रस्त्यांवर परवानगी नव्हती, आता मिळाली आहे. पुढे हाताचा ब्रेक तेवढा बसवावा लागेल. अबोलीने टाळ्या वाजवल्या. अनघाने टेप आणून मला मापले आणि पुष्करला फोन लावला. त्याने खाली जाऊन इमारतीचा सायकल ठेवायचा कप्पा मापला. मग देखरेख करणाऱ्या गृहस्थांनाही विचारले. प्रत्येक घराला दोन कप्पे, तेही एका सायकलीपुरते, आणि बाहेर ठेवायची मनाई. मी कुठेच मावत नव्हते. अनघाने साकुमा-सानची वाकून माफी मागितली, साकुमा-साननी तिची मागितली.

सामान गाडीत गेले. सगळे बसले. मोरेश्वर मात्र भिंतीला हात लावत लावत शेडपर्यंत आले. विभाताई मागून म्हणाल्या, "काय राहिलं?"

"हिला सांगितलं का कुणी?"

"कुणाला?"

त्यांनी माझ्या मागच्या आसनावर हात ठेवला. "बाई," ते म्हणाले, "तुला न्यायचं होतं, पण आमच्याकडे जागा नाही. आम्ही निघालो. पुन्हा येऊ असं म्हणत नाही, कारण ते मला माहीत नाही." आसन दोनदा थोपटून ते गेले.

मित्रांनो, मला विकले, बांधले, समुद्रापार नेले, उंची कमी केली, बाजूला ठेवले. वाईट वागले असे नाही कुणी. पण यातले काहीही होण्याआधी मला कुणी सांगितले नव्हते. साकुमा-सान तेव्हा दारात उभे होते. त्यांना मराठी येत नाही. तरी त्यांना कळले असावे.

तुम्ही लहान आहात. तुमच्या सायकलीला वेळच्या वेळी तेल घाला, पावसात ठेवू नका, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरातही कुणी मागच्या आसनावर असेल. आजोबा असतील, धाकटी बहीण असेल, कुणी आजारी असेल. त्यांना पुढचा रस्ता दिसत नाही. तो चांगला असेल तर सांगा, आणि नसेल तरीही सांगा. त्यांचे पाय आपोआप चालू राहतील.

काल साकुमा-सान आले. टाकून द्यायच्या मोठ्या वस्तूंवर इथे लावतात तो कचऱ्याचा कागद त्यांनी माझ्या दांड्यावर चिकटवला, नीट, कोपरे दाबून. मग पंप घेऊन दोन्ही चाकांत हवा भरली. जाण्याआधी ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सांगितले, की बुधवारी सकाळी ट्रक येईल, मोठा आहे, आणि तो आला तेव्हा ते इथे असतील.